चित्रकथांची होळी

इ. स. १९४८ च्या डिसेंबरात न्यू यॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी एका कॅथलिक शाळेच्या मुलांनी गोळा केलेल्या चित्रकथांची होळी केली. नाझींनी १९३३ साली पेटविलेल्या ग्रंथांच्या होळ्या अजून लोकांच्या स्मरणात होत्या. तरीही या होळीत गैर काही आहे असे तिथल्या वडीलधाऱ्यांना वाटले नाही.

त्यांची चिंता मात्र खोटी म्हणता येणार नाही. दहा सेंटला मिळणाऱ्या त्या पुस्तकांपैकी कित्येकांत खून, दरोडे आणि छळ यांची रंगीत चित्रे असत. महायुद्धानंतर बालगुन्हेगारीची चर्चा घरोघरी चालू होती आणि पालक तिचे कारण शोधीत होते.

ते कारण फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञांनी दाखवून दिले. हे गृहस्थ कोणी संकुचित सनातनी नव्हते. न्यू यॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एका चर्चच्या तळघरात त्यांनी १९४६ साली दवाखाना काढला. फी पंचवीस सेंट. वर्णभेदी शाळांमुळे मुलांच्या मनावर होणाऱ्या आघाताविषयी त्यांनी न्यायालयात साक्षही दिली. असा माणूस १९५४ साली ‘सिडक्शन ऑफ दि इनोसंट’ या ग्रंथात चित्रकथांवर आरोप ठेवतो, तेव्हा आईबाप त्याच्यावर विश्वास ठेवणारच.

त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी सिनेटच्या उपसमितीपुढे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली. एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात स्त्रीचे तुटलेले शिर, असे एका अंकाचे मुखपृष्ठ पुढे धरून सिनेटर केफॉव्हर यांनी विचारले, हे अभिरुचीला धरून आहे काय? भयकथेच्या मुखपृष्ठास धरून आहे, असे गेन्स उत्तरले. ते उत्तर त्यांना फार महाग पडले. काही महिन्यांतच भेदरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली: प्रत्येक कथेत सज्जनाचाच विजय व्हावा, पोलीस व न्यायाधीश यांचा अनादर होऊ नये, शीर्षकात ‘हॉरर’ हा शब्दही नको. ही संहिता २०११ पर्यंत नावापुरती का होईना टिकली. ब्रिटनमध्ये पाद्री, शिक्षक आणि कम्युनिस्ट अशी विलक्षण युती होऊन १९५५ साली कायदा झाला. भारतीय संसदेनेही १९५६ साली अल्पवयीनांना अपायकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा संमत केला.

वर्थम यांची कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होती. ती २०१० साली अभ्यासकांना खुली झाली आणि कॅरल टिली या विदुषींनी मूळ टिपणे ग्रंथाशी ताडून पाहिली. तेव्हा मुलांची वये बदललेली, अनेकांचे बोलणे एकाच्या तोंडी घातलेले, अडचणीचा मजकूर गाळलेला आढळला. शाळा चुकविणाऱ्या एका तेरा वर्षांच्या मुलीचा दाखला ग्रंथात आहे. तिला चित्रकथांचा नाद होता, एवढे वाचकांस कळते. ती घरातून पळालेली होती, टोळीत सामील होती आणि तिला वाचनच नीट जमत नव्हते, हे टिपणांत आहे, ग्रंथात नाही. ज्या डॉक्टरांनी दारिद्र्य आणि वर्णभेद मुलांचे काय करतात हे हार्लेममध्ये डोळ्यांनी पाहिले होते, त्यांनीच हे गाळावे, ही या प्रकरणातील सर्वांत खेदाची गोष्ट. त्या मुलीचे खरे दुखणे कपाटातच राहिले, आणि देशभरचे आईबाप मुलांच्या उशाखालची पुस्तके शोधीत बसले.