डौल आणि खोडकरपणा : फॅशनच्या टोप्यांकडे वळताना

कापडचोपड आणि दागिने यांविषयी मराठी वाचक आस्थेने वाचतो. युरोपातल्या स्त्रियांच्या हौशीच्या टोप्यांकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. राजघराण्यातल्या लग्नाच्या छायाचित्रांत त्या दिसतात, क्षणभर मौज वाटते आणि पान उलटले जाते. वाचकांनी त्या पानावर थोडे थांबावे, ही या पुस्तकाची पहिली विनंती. घडण, शिवण आणि रंगकाम या तीन विद्या इथे वीतभर जागेत एकत्र येतात, आणि तिन्हींना एका चेहऱ्याशी जुळवून घ्यावे लागते.

ओळखीच्या वाटेने आत शिरू. आपल्याकडे फेटा डोक्यावरच बांधतात. पुणेरी पगडी आधी घडवून ठेवलेली असते. टोप्यांच्या कारागिरीतही असे दोन पंथ दिसतात. पॅरिसच्या टोपीकार कॅरोलिन रेबू गिऱ्हाइकाच्या डोक्यावरच फेल्टचे कापड ठेवून ते कापत आणि दुमडत. फॅशनकार पॉल प्वारे यांनी तर विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली भारतीय पागोटी पाहून पॅरिसच्या स्त्रियांसाठी तशी पागोटी करवून घेतली. या विषयात आपण अगदीच परके नाही, हे इथे आनंदाने नोंदवतो.

दुसरा पंथ साच्याचा. फेल्ट म्हणजे न विणता, केस किंवा लोकर एकमेकांत गुंतवून आणि दाबून केलेले कापड. त्याचा शंकूसारखा तुकडा वाफेवर धरला की मऊ पडतो. हात पोळत असतानाच तो लाकडी साच्यावर ओढायचा, डोक्याच्या घेरापाशी दोरीने आवळायचा, टाचण्या मारायच्या आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मग कडेला तार घालतात आणि आतून फीत शिवतात. ही फीत पाहण्यासारखी आहे. साधी फीत गोलाईवर चुण्या धरते. हिच्या कडांना बारीक दाते असल्यामुळे ओलसर करून इस्त्री फिरवली की ती हवी तशी वळते. टोपी कपाळावर रुतत नाही आणि सैलही होत नाही, त्याचे बरेचसे श्रेय या न दिसणाऱ्या फितीला द्यावे लागेल.

खोडकरपणाची वाटही इथूनच जाते. फॅशनकार एल्सा स्कियापारेली यांनी चित्रकार साल्वादोर दाली यांच्या कल्पनेवरून १९३७च्या हिवाळी संग्रहासाठी उलट्या बुटाच्या आकाराची टोपी केली. तिचा चवडा कपाळावर झुकलेला आणि टाच वर उभी. एका प्रतीत ती टाच भडक गुलाबी मखमलीची होती. अशी टोपी घसरली तर नुसते हसे होईल. ती नीट बसली, म्हणून विनोद डौलदार झाला. टोपीकार फिलिप ट्रेसी यांनी २०११च्या ब्रिटिश राजविवाहासाठी राजकन्या बिआट्रिसला करून दिलेल्या टोपीची जगभर टिंगल झाली, पण पुढे लिलावात तिला ८१,००० पौंडांहून अधिक किंमत आली आणि ती रक्कम मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना गेली.

रंगाचे प्रकरण मला सर्वांत प्रिय आहे. एकच गुलाबी रंग फेल्टवर, पिसावर आणि सिनामेवर, म्हणजे फिलिपिन्समधल्या अबाका या केळीच्या जातीच्या तंतूंपासून विणलेल्या जाळीदार कापडावर, आणायचा असतो. लोकर आणि पीस प्राणिज, सिनामे वनस्पतिज. प्राणिज तंतूंवर चांगला चढणारा रंग वनस्पतिज तंतूंवर सहसा धरत नाही. म्हणून तीन भांडी, तीन कृती आणि दिवसाच्या उजेडात पुन्हा पुन्हा केलेली तुलना. त्यातच काठाच्या आतल्या बाजूचा रंग गालांवर उतरतो. जर्द हिरवा काठ सुंदर असूनही चेहरा फिकट दिसतो, तो यामुळे.

या सौंदर्याची किंमत कुणी मोजली, हेही वाचकांनी नजरेआड करू नये. तुऱ्यांसाठी बगळ्यांची बेसुमार कत्तल झाली. तिच्याविरुद्ध एमिली विल्यमसन यांनी १८८९मध्ये मँचेस्टरजवळ पक्षिरक्षणाची संघटना उभी केली, आणि १९२१मध्ये ब्रिटनने अशा पिसांच्या आयातीवर कायद्याने बंधन घातले. फेल्टसाठी ससा-बीव्हर यांच्या केसांवर पाऱ्याची प्रक्रिया करणाऱ्या कामगारांचे हात कायमचे थरथरू लागत.

आता आरंभ कुठून करावा? फ्रेंच चित्रकार देगा यांचे टोप्यांच्या दुकानाचे चित्र आधी पाहा. ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि त्याची छायाचित्रेही सहज मिळतात. त्यात स्टँडवर टोप्या मांडल्या आहेत आणि एक स्त्री हातातली टोपी निरखते आहे. ती गिऱ्हाईक की कारागीर, यावर अभ्यासकांत चर्चा झालेली आहे. तिची बोटे आणि मिटलेले ओठ पाहून तुमचे मत ठरवा, आणि मग साच्यांचे पहिले प्रकरण उघडा.