नेत्रशस्त्रक्रियेचे चित्र : तंजावरपासून रामाकोन्यापर्यंत

नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरील रामाकोना हे गाव सौंसर तालुक्यात मोडते. हा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांचा. १८५३ साली ते राज्य खालसा झाले, तरी मध्य प्रांताची राजधानी या नात्याने नागपूरशी येथील लोकांचा संबंध अतूट राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण झाला, तेव्हा सौंसर तालुका त्यात आला. सरहद्दी अशा सरकत गेल्या. दृष्टीचे दुखणे मात्र दोन्ही बाजूंस सारखेच आहे. जामसावळीच्या हनुमंतापुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या वृद्धास मूर्तीच्या ठिकाणी शेंदराचा धूसर डागच दिसू लागला, म्हणजे त्यास नेत्रवैद्य हवा असतो, आणि निष्णात नेत्रवैद्य बहुधा दूरच्या शहरी असतो.

हे अंतर तोडण्याचे एक साधन आता माणसाच्या हाती आले आहे. डोळ्याचे, किंबहुना डोळ्यावर चाललेल्या शस्त्रक्रियेचेही, चालते चित्र बिनतारी मार्गाने दूरवर पाठविता येते. साधन नवे आहे. परंतु त्यामागील इच्छा जुनी असून तिचा एक महत्त्वाचा अध्याय एका मराठी राजाच्या दरबारी लिहिला गेला, हे आमच्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल.

सुश्रुतसंहितेत लिंगनाशावरील शस्त्रकर्म वर्णिले आहे. शलाकेने गढूळ झालेले भिंग दृष्टीच्या मार्गातून दूर सारण्याची ही रीत आपल्या देशात शतकानुशतके चालली. १७४७ साली फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल याने भिंग मागे न लोटता ते डोळ्याबाहेर काढण्याचा प्रयोग केला, आणि तेथून अर्वाचीन पद्धती सुरू झाली. परंतु दोहोंतही एक अडचण समान होती. रणांगण बोटाच्या नखाएवढे. तेथे काय घडते ते शस्त्र चालविणाऱ्यासच दिसे. शेजारी उभ्या शिष्यास गुरूचा हात दिसे, पण डोळ्याच्या आत काय झाले ते दिसत नसे. हे ज्ञान दुसऱ्यास द्यावयाचे कसे?

तंजावरचे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी यास आपल्या परीने उत्तर दिले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला, आसपासचा थोडा प्रदेश व विद्येची आवड एवढेच उरले. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, देवनागरी छापखाना चालविला, आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. त्यांच्याच धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचा एकत्र अभ्यास चाले. नेत्ररोग्यांचे सुमारे ५० कागद त्या काळापासून जपले गेले आहेत. रोग्याच्या डोळ्याची अवस्था आणि केलेला उपचार त्यांत नोंदलेला असून हाताने काढलेली डोळ्यांची चित्रेही आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी जो तेथे नव्हता, त्यासही ती समजावी, ही त्यामागील दृष्टी होय. कुंचल्याने जे साधले तेच पुढे यंत्राने साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

यंत्राची कथा थोडक्यात सांगतो. कृत्रिम भिंग प्रथम डोळ्यात बसविणारे लंडनचे हॅरल्ड रिडली यांनी १९५० च्या सुमारास डोळ्याच्या अंतर्भागाचे चित्र दूरचित्रवाणीने दाखविण्याचे प्रयोग केले. १९५३ साली जर्मनीच्या झाइस कंपनीने शस्त्रक्रियेसाठी खास सूक्ष्मदर्शक बाजारात आणला. अशा सूक्ष्मदर्शकातील प्रकाश दुभागून एक भाग शल्यवैद्याच्या नेत्रांकडे व दुसरा कॅमेऱ्याकडे नेता येतो. गुरूला दिसते तेच शिष्याला पडद्यावर दिसू लागले. पुढे तारांचे जाळे टाळून हे चित्र रेडिओलहरींनी पाठविण्याची सोय झाली. मात्र त्यासाठी चित्र आधी आकुंचित करावे लागते आणि पोहोचल्यावर पुन्हा उलगडावे लागते. त्यात सेकंदाचा अंश खर्ची पडतो. पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे त्याने काही बिघडत नाही. पण शल्यवैद्य स्वतःच पडद्याकडे पाहून शस्त्र चालवीत असेल, तर भिंगामागील पडदा मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढाच जाड आहे, हे विसरून चालत नाही.

बिनतारी चित्राचा गोरगरिबांस झालेला उपयोग पाहावयाचा तर पुन्हा तमिळ देशातच जावे लागते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईस ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. त्याच्या थेनी येथील शाखेने कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठाच्या साहाय्याने २००६ च्या सुमारास आसपासच्या गावांतील नेत्रकेंद्रे उंच अँटेनांच्या योगे बिनतारी जोडली. गावातील रोग्याचा डोळा थेनीचा डॉक्टर पडद्यावर पाहतो, त्याच्याशी बोलतो, आणि शस्त्रक्रियेची गरज असेल त्यासच रुग्णालयात बोलावतो. शस्त्र धरणारा हात रोग्याजवळच लागतो. परंतु त्याच्या आधीची व नंतरची पुष्कळशी पायपीट वाचते.

येथे आम्हां वकिलांचा विषय येतो. डोळा रोग्याचा, मग त्याचे चित्र कोणाचे? शस्त्रक्रिया चालू असतानाच परिषदांतून ती दाखविण्याच्या प्रथेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला नोटीस काढली. शेकडो प्रेक्षकांसमोर काम करणाऱ्याचे अवधान कोठे असावे, हा त्यातील मर्माचा प्रश्न. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात, एका उपचारास दिलेली संमती दुसऱ्यास लागू होत नाही, असे ठरले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तेव्हा शस्त्रक्रियेस दिलेली संमती ही प्रक्षेपणास दिलेली संमती समजता येणार नाही, असे आमचे मत आहे. ज्या कागदावर अंगठा उमटवावयाचा, तो रोग्यास त्याच्या भाषेत वाचून दाखविला पाहिजे.

कायद्याने बंधन घातले तसा मार्गही खुला केला आहे. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागातील रोग्यास सल्ला देऊ शकतो. म्हणजे १९५६ च्या सीमारेषेपलीकडील नागपूरच्या नेत्रवैद्याने रामाकोन्याचा डोळा पडद्यावर पाहून मराठीत सल्ला देण्यास कायद्याची आडकाठी नाही. उणीव आहे ती एका स्वच्छ खोलीची, एका यंत्राची आणि ते हाताळणाऱ्या शिकलेल्या मुलामुलींची. आपल्या देवस्थानांजवळ धर्मशाळा आहेत, विश्वस्त आहेत आणि दानपेटीही आहे. देवाच्या दारी येणाऱ्यास देव स्पष्ट दिसावा यासाठी त्यातील काही अंश खर्ची पडला, तर धन्वंतरी महाल उभारणाऱ्या त्या राजाचे ऋण थोडे फिटेल.