कर्नाळा पक्षी अभयारण्य

महाराष्ट्रातील पहिले पक्षी अभयारण्य. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, पनवेलच्या दक्षिणेस सुमारे १२ किमी.वर मुंबई–गोवा महामार्गालगत आहे. स्थापना १९६८, क्षेत्रफळ विस्तारानंतर सुमारे १२ चौ. किमी. कर्नाळा किल्ल्याच्या बेसाल्टी सुळक्याभोवती मिश्र पानझडी व निमसदाहरित वने असून त्यांत भेकर, रानडुक्कर, माकडे आढळतात. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर पहाटे माणसासारखी लांब शीळ घालतो. शेपटीला दोन लांब तारा व टोकाशी पिसांचे झुबके असलेला भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार येथे शिकारीस बंदी आहे.