गेम एवढे का फुगले? एका सोप्या उत्तराची उलटतपासणी

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी एक सवय लवकर लावून घ्यावी. जे उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं, पहिला प्रश्न त्यालाच विचारायचा. आज उदाहरण घेऊ कॉम्प्युटर गेमच्या आकाराचं.

१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ होता ४० केबीचा. २०१९ चा ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर’ पुढच्या अपडेट्ससकट पीसीवर २०० जीबीच्या वर गेला. म्हणजे जवळपास पन्नास लाख पट! का? कुणालाही विचारा, उत्तर येतं, “ग्राफिक्स सुधारले ना!” हे खोटं नाही. चित्राची लांबी-रुंदी चौपट केली की पिक्सेल सोळापट होतात. पण सगळी वाढ यातून समजत नाही. त्यासाठी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: जास्तीच्या प्रत्येक बाइटचे पैसे कोण भरतं?

मारिओ कार्ट्रिजवर विकला जायचा. कार्ट्रिजमध्ये मेमरीची चिप असते. चिप मोठी घेतली की प्रत्येक कार्ट्रिजमागे कंपनीचा खर्च वाढणार. म्हणून काटकसर. मारिओतले ढग आणि झुडपं नीट बघा: आकार एकच, फक्त रंग वेगळा. १९८४ चा ‘एलीट’ तर ३२ केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रोवर चालायचा. त्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह होते. ही यादी कुठेच साठवलेली नव्हती. काही मोजके आकडे सूत्रात घालून ग्रह दर वेळी नव्याने ‘काढले’ जात.

मग सीडी आली. तिच्यात साधारण ६५० एमबी मावायचे, आणि ती अर्धी रिकामी असो की गच्च भरलेली, छापायचा खर्च तोच. १९९७ चा ‘फायनल फँटसी सेव्हन’ प्लेस्टेशनवर तीन सीडींवर आला. त्यातली बरीचशी जागा व्हिडिओंनी खाल्ली होती. निर्मात्याचा हात आता सैल झाला होता.

२००३ मध्ये स्टीम सुरू झालं आणि हळूहळू डिस्कही गेली. इथून खर्चाचा मोठा वाटा खेळणाऱ्याकडे सरकला: इंटरनेट त्याचं, हार्ड डिस्कही त्याचीच.

आता गंमत बघा. २०१४ चा ‘टायटनफॉल’ पीसीवर ४८ जीबी जागा घ्यायचा, आणि त्यातले सुमारे ३५ जीबी म्हणजे कॉम्प्रेस न केलेला आवाज. कारण असं सांगितलं गेलं की खेळताना आवाज उलगडत बसलं तर कमजोर प्रोसेसरवर ताण येतो. म्हणजे प्रोसेसर वाचवायला डिस्क खर्च केली. यात ग्राफिक्सचा काय संबंध?

दुसरं कारण हार्ड डिस्कचं. तिच्यात वाचणारं टोक जागेवरून हलावं लागतं. डेटा विखुरलेला असला की वेळ जातो. म्हणून एकच वस्तू जागोजागी पुन्हा पुन्हा साठवतात. प्लेस्टेशन ५ ची रचना २०२० मध्ये समजावताना मार्क सर्नी यांनी सांगितलं होतं की ‘स्पायडरमॅन’मध्ये काही वस्तूंच्या प्रती ४०० वेळा साठवलेल्या होत्या.

‘हेलडायव्हर्स २’ने तर या युक्तीची परीक्षाच घेतली. पीसीवर हा गेम सुमारे १५४ जीबीचा झाला होता. २०२५ च्या शेवटी निर्मात्यांनी जादा प्रती काढल्या आणि तो सुमारे २३ जीबीवर आला. चित्रं तीच, खेळ तोच. प्रती काढल्या तर हार्ड डिस्कवाल्यांना खूप थांबावं लागेल, ही भीती होती. मोजल्यावर फरक निघाला काही सेकंदांचा. कारण लोडिंगचा बराचसा वेळ डिस्क वाचण्यात नाही, तर खेळाची भूमी तयार करण्यात जात होता.

ती भीती मोजली गेली नव्हती तोवर तिची किंमत कोण भरत होतं? ज्याच्याकडे वायफाय नाही आणि फोनवर रोजचा दीड जीबीचा पॅक आहे, त्याला १५४ जीबी म्हणजे शंभराहून जास्त दिवसांचा डेटा. २३ जीबी म्हणजे सोळा दिवसांचा.

तेव्हा आकाराचा आलेख काढायला बसाल तर तीन गोष्टी आधी ठरवा. एक, ‘आकार’ म्हणजे नेमका कोणता? डाउनलोडचा की डिस्कवर बसल्यानंतरचा? दोन्ही एका रेषेत मिसळले की निष्कर्ष बिघडला. दोन, त्या काळात काय वाचवलं जात होतं: चिप, प्रोसेसर की वेळ? तीन, त्यासाठी काय उधळलं गेलं आणि कुणाच्या खिशातून?

आलेखातली रेषा फक्त वरच जाताना दिसते. या तीन रकान्यांशिवाय ती ‘प्रगती’ वाटते. रकाने भरलेत की तिच्यातले काही जीबी नुसते न तपासलेले अंदाज निघतात.