ब्रिटनमधील कुटुंबभत्ता आणि निर्वाहखर्च

ज्यास एकही मूल नाही आणि ज्यास पाच मुले आहेत, अशा दोन कामगारांना एकाच कामाचे वेतन सारखेच मिळते. एलिनर रॅथबोन यांनी १९२४ साली ‘द डिसइन्हेरिटेड फॅमिली’ या ग्रंथात ही विसंगती मांडून, मुलांच्या पोषणाचा काही भार समाजाने उचलावा असे प्रतिपादन केले.

१९४२ च्या बेव्हरिज अहवालाने निर्वाहाच्या किमान गरजांचा हिशेब करून दर मुलामागे आठवड्यास सरासरी ८ शिलिंग सुचविले. १९४५ च्या कायद्याने मात्र ५ शिलिंगच ठरविले, आणि तेही दुसऱ्या मुलापासून. उरलेली उणीव शाळेतील जेवण व दूध यांनी भरून निघेल, असे त्याचे समर्थन करण्यात आले. भत्ता मातेच्या हाती पडावा, हा रॅथबोन यांचा आग्रह कायद्यात उतरला. परंतु ऑगस्ट १९४६ मध्ये वाटप सुरू झाले तेव्हा त्या हयात नव्हत्या.

या कायद्यातील खरे व्यंग निराळेच होते. त्यात रक्कम निश्चित केली होती, पण किमतींबरोबर ती वाढविण्याची तरतूद नव्हती. १९५२ साली अन्नधान्यावरील सरकारी अर्थसाहाय्य घटविताना भत्ता ८ शिलिंग झाला. बेव्हरिज यांचा आकडा दहा वर्षांनी गाठला गेला खरा. पण तोवर किमती पुढे निघून गेल्या होत्या. पुढे दुसऱ्या मुलाचा भत्ता १९६८ पर्यंत तेवढाच राहिला. एबल-स्मिथ व टाउनसेंड यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून, कमावता पुरुष घरात असूनही अनेक मुले दारिद्र्यात वाढत असल्याचे दिसून आले.

१९७५ च्या कायद्यान्वये १९७७ पासून पहिल्या मुलासही लाभ मिळू लागला. तथापि जुने व्यंग गेले नाही. १९८७ ते १९९१ या काळात दर ७.२५ पौंडांवर थांबला. २०१६ ते २०२० या काळातही दर गोठविण्यात आले.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. भत्त्याचा आकडा उघडपणे कमी करावयाचा तर शासनास लोकांपुढे जाब द्यावा लागतो. पण महागाईच्या काळात तो आहे तसाच ठेवला, की कोणाचेही लक्ष न जाता कपात होते, आणि तिची झळ मातेच्या स्वयंपाकघरात प्रथम पोहोचते.