कल्याण कॅम्पातले परदेशी

परदेशातून येऊन इथेच राहिलेला माणूस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येते. गोरा चेहरा, खादीचा झब्बा, थोडे अडखळत पण प्रेमाने बोललेले मराठी. महाराष्ट्राने अशी माणसे पाहिली आहेत आणि त्यांचे योग्य ते कौतुकही केले आहे. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट इथल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या पाटणकरांच्या घरात सून म्हणून नांदल्या, १९८३ साली भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचे निधन झाले. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला शाळा उभी केली. अशा माणसांबद्दल लिहिताना आपण हमखास विचारतो, यांनी आपला देश का सोडला? उत्तर बहुधा सुरेख मिळते. विचारांची ओढ, प्रेम, काम.

पण परदेशी पासपोर्ट घेऊन येऊन इथे कायमची राहिलेली माणसे आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातही आहेत. त्यांच्यावर कौतुकाचा लेख कुणी लिहीत नाही, कारण ती परदेशी दिसत नाहीत. ती पापडाच्या दुकानात बसलेली असतात.

गोरे परदेशी आमच्याकडे आलेच नाहीत असे मात्र नाही. अंबरनाथला ते आले आणि त्यांच्या येण्याचे कारण अगदी स्वच्छ सांगता येते. १९२२ साली सरकारने परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसला दीड रुपया आयात कर बसवला. ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस पेट्या, आणि काडेपेटी ही पैशाच्या हिशोबात विकली जाणारी वस्तू. त्यामुळे स्वीडनहून पेट्या आणून विकण्यात राम उरला नाही. तेव्हा स्वीडिश कंपनीने इथेच कारखाने काढायचे ठरवले. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. या साऱ्या व्यवहारामागे इव्हार क्रूगर नावाचा माणूस होता. त्याला जगभर काडेपेट्यांचा राजा म्हणत. १९३२ च्या मार्चमध्ये त्याने पॅरिसमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि त्याच्या साम्राज्याचे हिशोब किती पोकळ होते ते मागाहून बाहेर आले. साहेब लोक नोकरीपुरते आले आणि नोकरी संपली की गेले. आता कारखानाही नाही. नाक्याला विम्कोचे नाव तेवढे राहिले आहे.

हे लोक येण्यासाठी आले होते, राहण्यासाठी नव्हे. त्यांच्याकडे परतीचे तिकीट होते. ज्यांच्याकडे ते नव्हते ते १९४७-४८ मध्ये आले.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ होता. सैनिकांची ये-जा व्हायची म्हणून ओळीने बॅरेकी बांधलेल्या. युद्ध संपले, सैनिक गेले, बॅरेकी रिकाम्या पडल्या. तेवढ्यात फाळणी झाली. सिंधमध्ये सुरुवातीला पंजाबसारखी कत्तल झाली नाही, आणि बऱ्याच सिंधी हिंदूंना वाटत होते की आपण राहू शकू. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि ती आशा संपली. माणसे कराचीच्या बंदरातून बोटींनी निघाली, कुणी ओखा-पोरबंदरला उतरले, कुणी मुंबईला. मुंबईत जागा कुठली? सरकारने रिकाम्या छावण्यांकडे गाड्या वळवल्या. सुमारे एक लाख माणसे कल्याण कॅम्पात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि नदीवरून उल्हासनगर हे नाव पडले. लोकांच्या तोंडी मात्र आजही एक नंबर, चार नंबर, पाच नंबर असेच आहे. 'कॅम्प' हा शब्दसुद्धा बोलताना गळून पडतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आता फारशी कुणाला माहीत नसते. सिंध हा प्रांत १८४३ मध्ये इंग्रजांनी जिंकला आणि पुढे चार वर्षांनी मुंबई इलाख्याला जोडला. तो थेट १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे कराची आणि कल्याण यांचा गव्हर्नर एकच. सिंधमधल्या कॉलेजांतली मुले तर त्यानंतरही, १९४७ पर्यंत, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत होती. आमच्या शिक्षकी पेशातल्या माणसाला आणखी जवळचे वाटावे असे उदाहरण म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. हे आपले मराठी गृहस्थ एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारच्या शिक्षणखात्यातून सिंधमध्ये गेले, तिथल्या शाळांचे काम पाहिले, सिंधी व्यापाऱ्यांच्या लिपीला शिस्त लावण्यात त्यांचा मोठा वाटा होता. कराचीतली सरकारी शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आजही तिचे नाव एन.जे.व्ही. हायस्कूल असेच आहे. वैद्य परदेशी गेले होते काय? मुळीच नाही. त्यांची बदली झाली होती.

त्याच न्यायाने १९४८ मध्ये कराचीहून कल्याणला आलेला माणूस परदेशातून आला असे म्हणायला जीभ रेटत नाही. तो जागचा हलला त्याआधी त्याच्या पायाखालचा देश हलला होता. घटनाकारांना ही अडचण समजत होती. घटनेच्या सहाव्या कलमात त्यांनी एक तारीख घातली, १९ जुलै १९४८. अविभाजित भारतात स्वतः किंवा आईबाप-आजीआजोबा जन्मलेला माणूस या तारखेच्या आत पाकिस्तानातून येऊन इथे राहिला असेल तर तो भारताचा नागरिक. नंतर आला असेल तर अर्ज, नोंदणी, किमान सहा महिन्यांचे वास्तव्य. कारण त्याच सुमाराला पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना लागू झाला होता. बोट पकडायला उशीर झाला एवढ्यावरून माणसाचा कागद बदलला.

आलेल्यांनी स्वतःला निर्वासित म्हणवून घेणे नाकारले. शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी म्हणा, असे ते सांगत. पहिल्या वर्षांत घरातल्या बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी आणि पोरांनी ते लोकलमध्ये, दारोदार विकले. गोळ्या, पेन, कंगवे, रुमाल, जे हाती येईल ते. एका बॅरेकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक कुटुंबे राहत, ही माणसे जमीनदार आणि वकीलही होती हे विसरू नये. नंतर फर्निचर आले, कापडबाजार आला, जीन्स आल्या. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या पिढीने शंभरदा ऐकला असेल. विनोद चांगला आहे, पण तो करणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही. नकली लेबलाला गिऱ्हाईक होते ते आपलेच. परदेशी मालाच्या वेडापायी आपण डोळे झाकून घेत होतो, आणि समोरच्याला ते बरोबर कळले होते.

देश सोडायचे कारण आणि एखाद्या ठिकाणी राहायचे कारण ही दोन निराळी कारणे असतात, हे मला उल्हासनगरकडे पाहून पटले आहे. सोडण्याचे कारण भीती. पण राहण्याचे कारण? रिकाम्या बॅरेकी होत्या, रेल्वेचा फाटा होता, मुंबईचे गिऱ्हाईक तासाभराच्या अंतरावर होते. कुणी कल्याणचा नकाशा पाहून ते निवडलेले नव्हते. आणि सगळे राहिलेही नाहीत. सिंधमधल्या हैदराबादचे व्यापारी, ज्यांना सिंधवर्की म्हणत, एकोणिसाव्या शतकापासूनच इजिप्त, माल्टा, जिब्राल्टर, जपानपर्यंत दुकाने टाकून बसले होते. फाळणीनंतर त्या वाटांनी आणखी बरेच गेले. ज्यांचा भाऊ वा मामा हाँगकाँगला किंवा आफ्रिकेत होता त्यांना कल्याण ही धर्मशाळा होती. ज्यांचे कुणी नव्हते त्यांना ते गाव झाले.

गाव झाले तरी जुने नाव सुटत नाही. उल्हासनगरचे सी.एच.एम. कॉलेज १९६५ चे. ते चालवणाऱ्या संस्थेचे नाव हैदराबाद सिंध नॅशनल कॉलेजिएट बोर्ड. त्यातले हैदराबाद पाकिस्तानात राहिले त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली, पण संस्थेच्या पाटीवर ते आहे. याचे आश्चर्य वाटून घेण्याचे कारण नाही. अंबरनाथचे शिवमंदिर ज्यांनी बांधले (त्यावरील लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा) ते कोकणचे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत स्वतःला तगरपूरचे स्वामी म्हणवीत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. ठाण्यात राज्य करायचे आणि नाव घाटावरच्या गावाचे लावायचे. स्वतः सोडून आलेल्या गावाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या मिरवणे ही खोड राजांनाही होती.

आता खऱ्या परदेशी लोकांकडे येतो. कायद्याच्या अर्थाने परदेशी.

सिंधमधून सगळे हिंदू १९४८ मध्ये आले नाहीत. बरेच तिथे राहिले, शक्कर, लाडकाणा, जेकबाबाद अशा गावांत दुकाने चालवत. त्यांच्यातले काही १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर आले, काही १९९२ च्या डिसेंबरनंतर, जेव्हा बाबरीचा सूड म्हणून तिथली देवळे फोडली गेली. त्यापुढेही येणे थांबले नाही. खंडणीसाठी व्यापाऱ्यांची अपहरणे, मुलींची चिंता, ही कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण येणाऱ्यांशी थोडे सावकाश बोलले की आणखी कारणे निघतात. जातीत स्थळे उरली नाहीत. थोरली बहीण आधीच इथे दिलेली आहे. मुलगी दहावीनंतर शिकायची म्हणते आणि तिथे तिला एकटीला पाठवायला मन घेत नाही. एका रात्रीत घरदार सोडणे आणि दहा वर्षे थोडे थोडे सोडत राहणे, यांत दुसरे लोक फारसे बघत नाहीत. ही माणसे व्हिसावर येतात, नातेवाइकाच्या मागच्या खोलीत राहतात, मुदत वाढवून घेतात, मग दीर्घ मुदतीचा व्हिसा. वर्षे जातात.

मी शाळेत असताना अशी काही मुले पटावर होती. जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थानाच्या रकान्यात जिल्हा आणि तालुका लिहायचा असतो, आणि राष्ट्रीयत्व हा रकाना तर आमचे कारकून न विचारताच 'भारतीय' असा भरून टाकत. एकदा एका बापाने त्यांचा हात धरला. चुकीचे लिहू नका, पुढे पोराला अडचण होईल, असे तो म्हणाला. मुलगा वर्गात शिवाजी महाराजांच्या आरमारावर उत्तम बोलला होता. 'पाकिस्तानी' हा शब्द त्याच्या नावापुढे शाईने लिहिला गेला, आणि लिहायला सांगणारा त्याचा बाप होता. खरे लिहिले तरच पुढे कधीतरी ते बदलता येईल, हे त्याला आमच्यापेक्षा नीट कळत होते.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीय वंशाच्या माणसाला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करून नागरिक होता येते. भारतीय वंशाचा कोण? जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एक, अविभाजित भारतात जन्मला तो. घटनेने आजोबा मोजले होते, या कलमात आजोबा मोजत नाहीत. १९४० मध्ये शक्करला जन्मलेला आजोबा भारतीय वंशाचा, त्याचा १९६५ मध्ये तिथेच जन्मलेला मुलगाही भारतीय वंशाचा. पण दोन्ही आईबाप १९४७ नंतर जन्मलेले असले की नातू निव्वळ परदेशी, आणि त्याला लांबची वाट. तीन पिढ्या एकाच खोलीत जेवत असतात.

अर्ज दिल्लीपर्यंत जाऊन वर्षानुवर्षे पडून राहत. २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने काही जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जांवर निर्णयाचे अधिकार दिले, त्यांत ठाणे होते. त्याच वर्षी दीर्घ व्हिसावाल्या अल्पसंख्याकांना बँकेत खाते उघडणे, राहते घर घेणे, वाहन चालवण्याचा परवाना काढणे यांची मोकळीक मिळाली होती. त्याआधी ही माणसे कशी जगत असतील याची कल्पना यावरून येईल. मग २०१९ ची दुरुस्ती आली, तिचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांसाठी वास्तव्याची अट पाच वर्षांवर आली. या यादीतून मुसलमानांना वगळण्यावरून देशभर वाद झाला. तो वाद खोटा नव्हता आणि तो इथे दोन ओळींत मिटवण्यासारखाही नाही. मला या लेखापुरती त्यातली तारीख सांगायची आहे. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले आत, नंतरचे बाहेर.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला पर्यटकांची हत्या झाली आणि सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द केले. पाकिस्तानी हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम राहतील असा खुलासा लगेच आला, पण खुलासा येईपर्यंतची रात्र काही साधी नसते. जे नुकतेच साध्या व्हिसावर आले होते, अर्ज अजून करायचा होता, त्यांचे काय, हा प्रश्न होताच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आदेश निघाला की ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळाच्या भीतीने आलेल्या या समाजांच्या लोकांवर पासपोर्ट वा व्हिसा नसल्याबद्दल कारवाई होणार नाही. म्हणजे राहता येईल. नागरिक होण्यासाठीची तारीख मात्र २०१४ चीच आहे. दोघे भाऊ, एक २०१३ मध्ये आलेला आणि दुसरा आईबापांना सांभाळून, त्यांच्यामागून २०१६ मध्ये. दुकान एकच, गल्ला एकच. थोरल्याने या वेळी मतदान केले. धाकटा त्याला मतदान केंद्राच्या फाटकापर्यंत सोडायला गेला आणि दुकान उघडायला परत आला.