वाळव्याची उमेदवारी

आष्टा ज्या वाळवा तालुक्यात मोडते, तेथील उमेदवारीचा विचार करताना आम्हांस प्रथम आठवतात ते नागनाथअण्णा नायकवडी. १९४४ साली धुळ्याच्या खजिन्याच्या लुटीत त्यांना गोळी लागली, पुढे ते पकडले गेले आणि सप्टेंबरात सातारा तुरुंगाच्या तटावरून निसटले. ज्याला सरकार हुडकत होते, त्यालाच मतदारांनी १९५७ मध्ये मुंबई राज्याच्या विधानसभेत धाडले! १९८५ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

त्या काळी सर्वसाधारण जागेची अनामत २५० रुपये असे. १९९६ मध्ये ती ५,००० व २००९ मध्ये १०,००० झाली. एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. खर्चाची मर्यादा तर २०२२ साली ४० लाखांवर गेली. मर्यादा म्हणजे सक्ती नव्हे, हे खरे. पण आकडा पाहूनच सामान्य माणूस मागे सरतो, असे आम्हांस वाटते. कायद्याने मात्र वाट अडवलेली नाही. वय २५ पूर्ण हवे आणि राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे. अपक्षास त्याच मतदारसंघातील दहा सूचक लागतात. तेवढे तर एका धर्मग्रामातही भेटतील.